कमिट आणि पुश यांच्या मधली जागा

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये कुणीतरी दोन ओळी घुसवल्या. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. कुठल्या प्रोग्रामला काय करू द्यायचं आणि काय नाही, हे तो ठरवतो. वरवर पाहता त्या ओळी निरुपद्रवी होत्या. एका फंक्शनला दोन विशिष्ट पर्याय एकत्र दिले असतील आणि वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य असेल, तर चूक झाल्याचं कळवा, असं त्यांचं रूप होतं. शून्य क्रमांक म्हणजे ‘रूट’, त्या यंत्राचा सर्वाधिकारी. फक्त ‘असेल तर’ विचारायला सी भाषेत दोन बरोबर-चिन्हं लागतात, ‘==’, आणि इथे एकच होतं. एका ‘=’ चा अर्थ ‘आहे का?’ असा होत नाही, ‘कर’ असा होतो. त्यामुळे ते पर्याय देणारा कुठलाही साधा प्रोग्राम त्या क्षणी सर्वाधिकारी झाला असता, आणि चूक झाल्याचा संदेशसुद्धा कधी उमटला नसता.

हे पकडलं गेलं कसं? कर्नलची मूळ प्रत तेव्हा बिटकीपर नावाच्या प्रणालीत असायची, आणि ज्यांना ती वापरायची नव्हती त्यांच्यासाठी सीव्हीएस या जुन्या प्रणालीत तिची नक्कल ठेवलेली असे. बिटकीपरचे कर्ते लॅरी मॅकव्हॉय यांच्या लक्षात आलं की नकलेत एक बदल आहे आणि मुळात त्याची नोंदच नाही. तो फरक लोकांसमोर आला, तेव्हा तो वाचणाऱ्यांना बरोबर-चिन्हाची चलाखी दिसली. मूळ कर्नलपर्यंत त्या ओळी कधीच पोहोचल्या नाहीत. कर्नलच्या त्या लक्षावधी ओळी कुणी पहिल्यापासून वाचत बसलं असतं, तर हे एक चिन्ह त्याच्या नजरेतून नक्की सुटलं असतं. नजरेसमोर फक्त फरक होता, म्हणून ते दिसलं.

फरक दाखवणाऱ्या या साधनाचं नाव ‘डिफ’. बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला युनिक्ससाठी लिहिलं, आणि जेम्स हंट यांच्यासोबत त्यामागच्या गणिताचा अहवाल १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. दोन फाइली घ्यायच्या, दोन्हींमध्ये त्याच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची जास्तीत जास्त लांब माळ शोधायची, आणि माळेबाहेर उरलेल्या ओळी ‘काढल्या’ किंवा ‘घातल्या’ म्हणून दाखवायच्या, असा तो विचार आहे. आज पडद्यावर काढलेल्या ओळी लाल आणि घातलेल्या हिरव्या दिसतात. पण डिफला आपल्या मनातलं काही कळत नाही. त्याला फक्त ओळी जुळवता येतात. म्हणून एखादं नवं फंक्शन घातलं, की कधी कधी शेजारच्या फंक्शनचा बंद कंस नव्या फंक्शनच्या पदरात पडलेला दिसतो. बदल तोच असतो, चित्र मात्र चमत्कारिक. डिफ वाचायला शिकणं हे वेगळं कौशल्य आहे, ही गोष्ट कामाला लागलेल्या मुलामुलींना कुणी फारसं सांगत नाही, आणि मला वाटतं, सांगायला हवी.

*

डिफ कधी वाचायचा, याचं उत्तर २००५ नंतर बदललं.

सीव्हीएस किंवा त्यानंतरच्या सबव्हर्जनमध्ये इतिहास एकाच सर्व्हरवर असायचा. काम झालं की ‘कमिट’ करायचं. कमिट म्हणजे नोंद, आणि नोंद सर्व्हरवरच व्हायची. त्याच क्षणी ती सगळ्यांची झालेली असायची. मग लोक काय करायचे? काम पुरतं जमल्याशिवाय कमिटच करायचे नाहीत. आठ-आठ दिवसांचं काम एकाच गठ्ठ्यात सर्व्हरवर जाऊन पडायचं. त्या गठ्ठ्यात काय काय आहे हे तोवर खुद्द करणाऱ्यालाही धड आठवत नसे.

एप्रिल २००५ मध्ये बिटकीपरची कर्नलसाठी असलेली मोफत मुभा संपली. लिनक्सचे कर्ते लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी काही दिवसांतच ‘गिट’ ही स्वतःची प्रणाली उभी केली आणि ७ एप्रिलपासून गिटचा इतिहास गिटमध्येच नोंदला जाऊ लागला. त्याच महिन्यात, त्याच कारणासाठी, मॅट मॅकल यांनी मर्क्युरिअल जाहीर केलं. जुलैमध्ये टोर्व्हाल्ड्स यांनी गिटची धुरा जुनिओ हमानो यांच्याकडे दिली. या दोन्ही प्रणाल्या विकेंद्रित आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या यंत्रावर सबंध इतिहासाची पूर्ण प्रत असते. कमिट आपल्या प्रतीत होतं. ते इतरांकडे जायला ‘पुश’ नावाची वेगळी कृती लागते.

या रचनेचे फायदे सांगताना लोक वेगाबद्दल बोलतात, इंटरनेट नसताना काम करता येतं हे सांगतात. मला सर्वांत मोलाची वाटते ती कमिट आणि पुश यांच्या मधली जागा. काम नोंदलेलं आहे, म्हणजे हरवणार नाही. पण अजून कुणाच्या हाती दिलेलं नाही, म्हणजे बदलता येतं. लेखकाला हस्तलिखित आणि छापील पुस्तक यांच्या मध्ये मुद्रितं तपासायला मिळतात, तशी ही सवड प्रोग्रामरला पहिल्यांदा इतक्या सहज मिळाली. आणि बहुतेक ठिकाणी ती वाया जाते, कारण कमिट आणि पुश या दोन आज्ञा बोटांना एका दमात द्यायची सवय लागलेली असते.

*

एक उदाहरण घेऊ. समजा, गृहनिर्माण सोसायटीच्या देखभाल-खर्चाची बिलं काढणारा एक प्रोग्राम आहे. उशिरा पैसे भरणाऱ्यांवरचा विलंब-आकार त्यात पैशांसकट येतो, तो पूर्ण रुपयांत हवाय. बदल एका ओळीचा. तुम्ही तो केलात, चालवून पाहिलात, बिल बरोबर आलं. आता कमिट करण्याआधी ‘गिट डिफ’ ही आज्ञा द्या. एका ओळीऐवजी पडद्यावर साठ-सत्तर ओळी लाल-हिरव्या होऊन येतात.

यातलं निम्मं तर एडिटरने केलेलं असतं. फाइल साठवताना त्याने टॅबच्या जागी स्पेस घातल्या, ओळी आत-बाहेर सरकवल्या. ‘-डब्ल्यू’ हा पर्याय दिला की मोकळ्या जागांचे फरक गळून पडतात आणि खरे बदल उरतात. उरलेल्यांत तुमची ती एक ओळ असते. तपासणीसाठी घातलेली, प्रत्येक सभासदाचं नाव आणि थकबाकी पडद्यावर छापणारी ओळ असते, जी काढायची राहिली. सेटिंगच्या फाइलीत ‘चाचणी’ चालू करून ठेवलेली असते. ती तशीच गेली, तर उद्या खऱ्या बिलांऐवजी नमुन्याची बिलं निघतील. आणि वाटेत दिसलं म्हणून एका फंक्शनचं नाव तुम्ही सुधारलेलं असतं. सुधारणा चांगलीच आहे, पण विलंब-आकाराशी तिचा काही संबंध नाही.

घरात तांदूळ निवडतात तसं हे काम आहे. डबा उघडून वरून पाहिलं तर सगळे तांदूळच दिसतात. खडा सापडायला ते ताटात पसरून थोडे थोडे पुढे ओढावे लागतात. गिटमध्ये हे ताट आहे. तिथे कमिटच्या आधी एक मधली पायरी असते, ‘स्टेजिंग’. पुढच्या कमिटमध्ये काय जाणार, ते तिथे मांडून ठेवायचं. ‘गिट अ‍ॅड’ ला ‘-पी’ हा पर्याय दिला की गिट बदलांचा एकेक तुकडा समोर धरतं आणि विचारतं, हा घ्यायचा का? ‘वाय’ म्हणजे घे, ‘एन’ म्हणजे राहू दे, ‘एस’ म्हणजे तुकडा मोठा आहे, आणखी फोड, आणि ‘ई’ म्हणजे मीच हाताने ओळी निवडतो. नव्याने गिट शिकणाऱ्याला माझा पहिला सल्ला हाच असतो. सगळ्या फाइली एका फटक्यात स्टेज करणारी आज्ञा विसरा, ‘-पी’ ची सवय लावा. प्रत्येक तुकड्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि तेवढ्यासाठी तो वाचावा लागतो.

तर विलंब-आकाराची ओळ एका कमिटमध्ये, फंक्शनचं नाव दुसऱ्यात, मोकळ्या जागांची आवराआवर तिसऱ्यात. छापणारी ओळ आणि चाचणीचं सेटिंग कुठेच नाही. असं वेगळं करण्यामागे नीटनेटकेपणाची हौस नाही. सहा महिन्यांनी बिलं चुकू लागली, तर ‘गिट बायसेक्ट’ ही सोय इतिहासाचे निम्मे-निम्मे भाग करत दोषी कमिट शोधते. हजार कमिटं असली तरी सुमारे दहा फेऱ्यांत ती नेमक्या एका कमिटवर बोट ठेवते. ते कमिट साठ ओळींचं खिचडीचं पातेलं असेल, तर बोट ठेवूनही उपयोग होत नाही.

इथे एक खाचखळगा आहे, आणि तो अनुभवी माणसांच्याही पायाखाली येतो. तुकडे निवडून केलेलं कमिट त्या रूपात कधी चालवूनच पाहिलेलं नसतं. तुम्ही चालवलेला प्रोग्राम सगळ्या बदलांसह होता; कमिटमध्ये गेले निवडक तुकडे. फंक्शनचं नवं नाव एका तुकड्यात आणि त्याचा वापर दुसऱ्या, मागे राहिलेल्या तुकड्यात, असं सहज होतं. तुमच्या यंत्रावर सगळं चालतं, दुसऱ्याच्या यंत्रावर बांधणीच मोडते. यावर उपाय आहे. स्टेज केलेलं तसंच ठेवून बाकीचं तात्पुरतं बाजूला सारायचं (‘गिट स्टॅश’ ला ‘--कीप-इंडेक्स’ हा पर्याय देऊन), चाचण्या चालवायच्या, मग कमिट करायचं आणि सारलेलं परत आणायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

*

आता पुशचं. दिवसभरात सात-आठ कमिटं झाली. पाठवण्याआधी काय वाचायचं?

पहिल्यांदा ‘गिट फेच’. त्याने सर्व्हरवरचं नवं काम आपल्याकडे येतं, पण आपल्या फाइलींना हात लागत नाही. मग ‘गिट लॉग’ ला सर्व्हरवरच्या ब्रांचचं, म्हणजे कामाच्या त्या फांदीचं, नाव आणि पुढे दोन टिंबं दिली, की जी कमिटं आपल्याकडे आहेत आणि तिकडे नाहीत, तेवढीच यादीत येतात. मर्क्युरिअलमध्ये या प्रश्नाला सरळ नाव आहे, ‘आउटगोइंग’, म्हणजे बाहेर जाणारं. या यादीतच बऱ्याचदा काही अनपेक्षित दिसतं. ज्या ब्रांचवर आहोत असं वाटत होतं तिच्यावर आपण नसतोच, किंवा परवाचा अर्धवट प्रयोग मधेच बसलेला असतो.

त्यानंतर बहुतेक जण सुरुवात आणि शेवट यांच्यातला एकच एकत्रित डिफ बघतात. दोन्ही टोकांच्या मध्ये दोन टिंबं टाकून तो मागितला, तर नवखा माणूस घाबरतो, कारण सहकाऱ्याने सकाळी घातलेल्या ओळी लाल दिसतात, जणू आपणच त्या पुसल्या. गिट खोटं बोलत नसतं. सहकाऱ्याचं नवं काम त्यांच्या टोकाला आहे आणि आपल्या टोकाला नाही, इतकंच ते दाखवतं. तीन टिंबं दिली की तुलना दोन वाटा जिथून फुटल्या त्या जागेपासून होते आणि फक्त आपलं काम दिसतं. लॉगमध्ये दोन टिंबं आणि डिफमध्ये तीन, हे पाठच करून टाकावं.

पण एकत्रित डिफवर थांबू नये. याचं कारण मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका कामात जोडणी होईना, म्हणून डेटाबेसचा पासवर्ड मी थेट कोडमध्ये लिहिला आणि कमिट केला. काम झाल्यावर आठवणीने काढला, तेही कमिट केलं. पाठवताना एकत्रित डिफ काळजीपूर्वक वाचला. त्यात पासवर्ड नव्हता, कसा असणार? घातला आणि काढला, बाकी शून्य. पण पुश करताना बाकी जात नाही, सगळ्या नोंदी जातात. तिसऱ्या कमिटमध्ये तो पासवर्ड स्पष्ट अक्षरांत होता आणि संघातल्या प्रत्येकाच्या यंत्रावर त्याची प्रत पोहोचली होती. एका सहकारी मुलीने दुसऱ्या दिवशी इतिहास चाळताना तो पाहिला आणि शांतपणे येऊन सांगितलं. त्या डेटाबेसमध्ये लोकांच्या नोंदी होत्या. त्यांना काही झालं असतं तर, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना. तेव्हापासून मी ‘गिट लॉग -पी’ ने एकेक कमिट त्याच्या डिफसकट वाचतो, जुन्यापासून नव्याकडे.

असा गुप्त शब्द एकदा बाहेर गेला की इतिहासातून तो खरवडून काढण्यात वेळ घालवू नये. आधी तो शब्दच बदलावा. विकेंद्रित प्रणालीत प्रती किती आणि कुठे आहेत, हे कुणालाच ठाऊक नसतं.

पाठवण्याआधी सापडला असता, तर काम सोपं होतं. ‘गिट रिबेस’ च्या संवादी रूपात आपली कमिटं यादीसारखी समोर येतात. त्यांचा क्रम बदलता येतो, दोन एकत्र करता येतात, एखादं वगळता येतं, संदेश सुधारता येतो. मात्र गिटमध्ये प्रत्येक कमिटची ओळख, ती ४० अक्षरांची खूण, त्याच्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटच्या खुणेवरून काढलेली असते. जुन्या एका कमिटला हात लावला की त्यानंतरच्या सगळ्यांच्या खुणा बदलतात. आपल्यापुरतं असेपर्यंत याने काही बिघडत नाही. दुसऱ्यांनी त्या कमिटांवर काम सुरू केलं असेल, तर त्यांच्या पायाखालची जमीन सरकते.

मर्क्युरिअलने २०१२ मध्ये ही मर्यादा प्रणालीतच बसवली, आणि तिची मांडणी मला फार आवडते. तिथे प्रत्येक नोंदीला अवस्था असते. नवी नोंद ‘मसुदा’ असते. ती सामायिक जागी पोहोचली की ‘सार्वजनिक’ होते, आणि सार्वजनिक नोंद बदलायला प्रणाली सरळ नकार देते. तिसरी अवस्था ‘गुप्त’. अशी नोंद चुकून पाठवलीच जात नाही. गिटमध्ये ही शिस्त माणसाने पाळायची असते. तिथे ‘प्री-पुश’ नावाचा एक हूक मिळतो, म्हणजे पुश सुरू होण्याआधी आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, आणि तो नाही म्हणाला तर पुश थांबतो. पासवर्डसारखे दिसणारे शब्द आणि काढायच्या राहिलेल्या तपासणीच्या ओळी शोधायला तो उत्तम. बदल बरोबर आहे का, हे मात्र त्याला विचारू नये.

*

आणि बदल बरोबर आहे का, हे फक्त डिफ वाचूनही नेहमी कळत नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलला आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ एकाखाली एक अशी दोनदा आली होती. पहिली ‘चूक असेल तर’ या अटीखाली होती. दुसरी तितकीच आत सरकवलेली असल्याने अटीखालचीच वाटे, पण कंस नसल्यामुळे ती अटीबाहेर होती. परिणामी प्रोग्राम तिथून दर वेळी उडी मारी आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची स्वाक्षरी-तपासणी कधी होतच नसे. ही चूक डिफमध्ये दिसण्याजोगी होती. एकसारख्या दोन ओळींपाशी सावकाश वाचणारा थबकला असता.

दोनच महिन्यांनी, ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ उघड झालं, आणि ते अधिक अवघड प्रकरण आहे. इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरांवर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या संग्रहात ‘हार्टबीट’ नावाची सोय घालण्यात आली होती. समोरच्याने एक छोटा निरोप पाठवायचा, त्याची लांबी सांगायची, आणि सर्व्हरने तोच निरोप परत करायचा. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे सर्व्हर बघतच नव्हता. एका अक्षराचा निरोप पाठवून ‘हा ६४ किलोबाइटचा आहे’ म्हटलं, की सर्व्हर आपल्या स्मृतीतला शेजारचा मजकूर भरून तेवढं परत देई, आणि त्यात पासवर्ड, चाव्या, काहीही असू शके. तो बदल ३१ डिसेंबर २०११ रोजी नोंदला गेला होता, आणि नोंदण्याआधी एका जाणकाराने तो वाचलाही होता.

त्या वाचणाऱ्याला मी दोष देऊ शकत नाही. डिफ आपली नजर लिहिलेल्या ओळींवर खिळवून ठेवतो. जे लिहायचं राहिलं, त्याला रंग नसतो. म्हणून स्वतःचा बदल वाचताना मी शेवटची फेरी डिफ मिटवून करतो. संपूर्ण फंक्शन उघडतो आणि बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक आकड्यापाशी थांबतो. हा कुठून आला? कुणी सांगितला? तो खोटा असला तर काय होईल? विलंब-आकाराच्या त्या एका ओळीपाशीसुद्धा विचारतो, थकबाकी ऋण असली, म्हणजे सभासदाने जास्तच भरलेले असले, तर?

हार्टब्लीडची दुरुस्ती आजही कुणालाही वाचता येते. तिचा गाभा मोजक्या ओळींचा आहे. सांगितलेली लांबी आणि प्रत्यक्ष आलेला मजकूर ताडून पाहा, जुळत नसेल तर उत्तर न देता निरोप टाकून द्या. दुरुस्तीच्या डिफमध्ये त्या ओळी हिरव्या दिसतात. २०११ च्या डिफमध्ये त्या जागी काहीच नव्हतं.